सेकंदाचा तीस हजारावा भाग

बँकेच्या व्यवहारात काळाचे सर्वात लहान नाणे म्हणजे एक दिवस. व्याज मोजायचे ते दिवसांवर. त्याखालच्या तास-मिनिटांच्या चिल्लरीला तिथे कुणी विचारत नाही. त्यामुळे उभी नोकरी लेजरच्या सहवासात काढलेल्या माझ्यासारख्याला, एका सेकंदाचे तीस हजार तुकडे करून त्यातला नेमका एक उचलणाऱ्या माणसाबद्दल कुतूहल वाटावे, यात नवल नाही. त्यातून हा माणूस पोटासाठी फोटो काढणारा नव्हता, पक्षिशास्त्राचा प्राध्यापकही नव्हता. तो ‘ड्युपाँट’ या अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या रसायन कंपनीचा अध्यक्ष होता. सोमवार ते शुक्रवार कारखाने, भागधारक आणि कोर्टकचेऱ्या सांभाळायच्या आणि उरलेल्या वेळात बागेत साखरपाण्याची नळी टांगून, कॅमेरा आणि दिवे रोखून, तीन ग्रॅम वजनाच्या पाहुण्याची वाट बघायची, असा त्याचा क्रम होता.

या गृहस्थांचे नाव क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट. हमिंगबर्ड या पक्ष्याचे पंख हवेत थबकलेले, एकेक पीस मोजून घ्यावे इतके स्वच्छ, असे रंगीत चित्र तुम्ही कधी पाहिले असेल, तर त्या चित्रपरंपरेच्या मुळाशी ग्रीनवॉल्ट यांची बाग आहे. त्यांच्या आयुष्यात या बागेखेरीज आणखीही एक जागा आहे. ती मात्र फारशी रम्य नाही. दोन्हींची गोष्ट एकत्र सांगितल्याशिवाय हा माणूस पुरता कळत नाही.

ग्रीनवॉल्ट यांचा जन्म १६ ऑगस्ट १९०२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या कमिंग्टन या छोट्या गावी झाला. वडील डॉक्टर होते. फिलाडेल्फियातल्या गिरार्ड कॉलेज या अनाथ मुलांच्या मोठ्या निवासी शाळेत ते वैद्यकीय काम पाहत. पण घरातले खरे आश्चर्य म्हणजे आई. मेरी हॅलॉक यांचा जन्म बैरूतचा, १८७१ सालचा. वडील अमेरिकन, आई तिथल्या सीरियन घराण्यातली. लहानपणीच त्यांना अमेरिकेत पाठवण्यात आले. पुढे व्हिएन्नाला जाऊन त्या पियानो शिकल्या आणि नामांकित वादक झाल्या. एवढ्यावर कुणीही समाधान मानले असते. मेरीबाईंच्या डोक्यात मात्र वेगळेच होते. सुरांबरोबर रंगीत प्रकाशही वाजवता आला पाहिजे, प्रकाश चढला-उतरला पाहिजे, मंद होत होत विझला पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी लागणारे विजेचे भाग बाजारात मिळेनात, तेव्हा त्यांनी ते स्वतः घडवले, त्यांची पेटंटे घेतली आणि ‘साराबेट’ नावाचे प्रकाशवाद्य तयार केले. हे नाव त्यांच्या आईच्या, सारा ताबेत यांच्या नावावरून आलेले. त्यांच्या पेटंटचा भंग केला म्हणून त्यांनी जनरल इलेक्ट्रिकसारख्या बलाढ्य कंपनीला कोर्टात खेचले आणि १९३४ साली खटला जिंकलाही. त्या काळात एका वादक बाईने हे करावे, याला छाती लागते.

अशा बाईचा हा एकुलता एक मुलगा. मुलाने आईकडून संगीत घेतले, पण त्याहूनही मोठी गोष्ट घेतली. प्रकाश ही हाताळायची, मोजायची, हवी तेव्हा सोडायची आणि हवी तेव्हा रोखायची वस्तू आहे, हे त्याने घरातच पाहिले होते. वीज, तारा, खटके आणि रंग ही त्या घरातली रोजची भांडीकुंडी होती.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेतून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९२२ साली ग्रीनवॉल्ट ड्युपाँटमध्ये लागले, ते अगदी खालच्या पायरीवर, कारखान्यातले नमुने तपासणारे रसायनज्ञ म्हणून. १९२६ साली त्यांचा विवाह मार्गारेटा ड्यु पाँट यांच्याशी झाला. नावावरून ध्यानात आलेच असेल. सासरे इरेने ड्यु पाँट त्याआधी कंपनीचे अध्यक्ष होते. साहेबाच्या मुलीशी लग्न केले म्हणून वर चढला, असे म्हणणारे प्रत्येक हापिसात असतात, तसे तिथेही असणार. पण तीसच्या दशकात वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉनचा धागा जन्मला, तेव्हा परीक्षानळीतला तो धागा कारखान्यात हजारो पौंडांनी काढायचा कसा, या अवघड कामात ग्रीनवॉल्ट यांनी आपली योग्यता दाखवली. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट मोठ्या प्रमाणावर जमवणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. ती विद्या त्यांच्या हाती होती, आणि तिनेच त्यांना पुढे एका अशा ठिकाणी नेले, जिथे त्यांनी स्वतःहून पाऊल टाकले नसते.

१९४२ सालचा हिवाळा. महायुद्ध ऐन भरात. शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या सज्जाखाली, स्क्वॅश खेळायच्या एका बंद कोर्टात, एन्रिको फर्मी आणि त्यांचे सहकारी ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम एकावर एक रचत होते. अणूंची साखळी-प्रक्रिया माणसाच्या हातून सुरू होऊ शकते का, हे त्यांना पाहायचे होते. हे काम कितपत व्यवहार्य आहे ते ठरवायला एक पाहणी समिती आली होती आणि तिच्यात ग्रीनवॉल्ट होते. २ डिसेंबरच्या प्रयोगाला समितीतल्या एकालाच नेणे शक्य होते. आर्थर कॉम्प्टन यांनी चाळीस वर्षांच्या ग्रीनवॉल्ट यांना निवडले. कारण मोठे व्यवहारी होते. समितीत ते सर्वात तरुण, तेव्हा या घटनेची आठवण तेच सर्वाधिक काळ जपतील! त्या दुपारी त्या विटांच्या ढिगाऱ्यातून जेमतेम अर्धा वॅट शक्ती निघाली. त्यावर खिशातली विजेरीही पेटली नसती. पण अणुयुग त्या अर्ध्या वॅटने सुरू झाले आणि ग्रीनवॉल्ट ते बाजूला उभे राहून बघत होते.

नंतर वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीकाठच्या हॅनफर्ड या ओसाड प्रदेशात प्लुटोनियमचा कारखाना उभारायचे काम सरकारने ड्युपाँटवर सोपवले. शिकागोचे शास्त्रज्ञ आणि कंपनीचे अभियंते यांच्यातला दुवा म्हणून ग्रीनवॉल्ट यांची नेमणूक झाली. हे काम म्हणजे दोन भांडकुदळ जावांच्या मधल्या सासूसारखे होते. शास्त्रज्ञांना वाटे, कारखानदार अतिसावध आहेत. अभियंत्यांना वाटे, शास्त्रज्ञांना नटबोल्टची अक्कल नाही. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने अणुभट्टीला १,५०० नळ्या पुरेशा होत्या. कंपनीच्या लोकांनी राखीव म्हणून आणखी जागा ठेवल्या आणि आकडा २,००४ वर नेला.

ही राखीव गंगाजळी कामी आली. सप्टेंबर १९४४ अखेर भट्टी सुरू झाली, शक्ती वाढू लागली आणि काही तासांतच, कुणी हात न लावता, ती मंदावत मंदावत बंद पडली. थोड्या वेळाने पुन्हा आपली आपण सुरू झाली आणि पुन्हा बंद पडली. फर्मी आणि जॉन व्हीलर यांनी छडा लावला. अणुविघटनातून झेनॉन नावाच्या वायूचा एक प्रकार तयार होत होता आणि साखळी चालू ठेवणारे न्यूट्रॉन तोच गिळत होता. इलाज एकच होता, युरेनियम वाढवणे. त्यासाठी लागणाऱ्या जागा त्या सावध अभियंत्यांनी आधीच ठेवल्या होत्या. बँकेतल्या माणसाला ही हकिकत मनापासून पटते.

आणखी एक तपशीलही बँकवाल्यांनी ऐकावा असा आहे. पहिल्या महायुद्धानंतर ड्युपाँटवर, मरणाचा व्यापार करून पैसा केला, असा आरोप झाला होता. तो डाग पुन्हा नको म्हणून कंपनीने या सगळ्या कामाचा नफा घेतला फक्त एक डॉलर. पुढे काम मुदतीआधी आटोपले म्हणून सरकारी हिशेब तपासनिसांनी त्या एका डॉलरमधले ३३ सेंट परत मागितले! ऑडिटर ही जात जगभर सारखीच.

हसून झाले की पुढचे वाक्यही वाचायला हवे. हॅनफर्डमध्ये तयार झालेले प्लुटोनियम ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमध्ये होते. हजारो माणसे, बायका, मुले त्या एका दिवशी गेली आणि नंतरच्या दिवसांत आणखी हजारो. त्या साखळीत ग्रीनवॉल्ट ही एक ठळक कडी होती.

जानेवारी १९४८ मध्ये ते ड्युपाँटचे अध्यक्ष झाले आणि १९६२ पर्यंत त्या खुर्चीवर होते. बाग आणि पक्षी त्यांच्या आयुष्यात गंभीरपणे शिरले ते याच काळात. डेलावेअरमध्ये विल्मिंग्टन शहराजवळ त्यांचे घर होते. त्यांना छंद अनेक. ऑर्किडची फुले वाढवली, वाद्ये वाजवली, घरी स्वतःचे यंत्रकामाचे दालन होते. मग कॅमेरा आला आणि बागेतले पक्षी आले. हमिंगबर्ड ही त्यातली सर्वात अवघड परीक्षा. म्हणूनच बहुधा ती त्यांनी सर्वात मन लावून दिली.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे जास्वंदीवर किंवा कर्दळीवर लोंबकळणारा चिमुकला, चमकदार, बाकदार चोचीचा पक्षी पाहून पुष्कळ जण हौसेने हमिंगबर्ड म्हणतात. तो असतो शिंजीर, ज्याला सूर्यपक्षी असेही नाव आहे. हमिंगबर्ड भारतात नाही. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि सगळ्या अमेरिका खंडांत. शिंजीर क्षणभर हवेत तरंगू शकतो, पण मध पिताना तो शक्यतो फांदीवर टेकतो. हमिंगबर्ड मात्र फुलासमोर हवेत उभा राहूनच जेवतो, हवे तर मागेही उडतो. ग्रीनवॉल्ट यांच्या बागेत येणारा माणिककंठी हमिंगबर्ड अवघा तीन ग्रॅमचा. हिवाळ्याआधी तो मध्य अमेरिकेकडे जातो आणि त्यांच्यातले कित्येक मेक्सिकोचे आखात, सुमारे आठशे किलोमीटर, न थांबता ओलांडतात. फुलासमोर तरंगताना याचे पंख सेकंदाला पन्नासहून अधिक वेळा हलतात. डोळ्यांना दिसतो तो फक्त खांद्यापाशी धुरकट पट्टा.

आता हिशेब करू. चांगल्या कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता उघडतो, असे धरा. एवढ्या वेळात या पक्ष्याच्या पंखाची एक विसांश फेरी होते आणि पंखाचे टोक जवळपास सेंटिमीटरभर सरकते. ज्याचा अख्खा पंख चार-पाच सेंटिमीटरचा, त्याचे टोक सेंटिमीटरभर सरकले, तर चित्रात उरणार काय? म्हणून पडद्याचा वेग विसरायचा आणि क्षण कापायचे काम प्रकाशावर सोपवायचे. भोवती अंधुक उजेड ठेवायचा, इतका की फ्लॅशवाचून फिल्मवर काही उमटूच नये. मग पडदा कितीही वेळ उघडा असो, चित्र उमटते ते फ्लॅश लखलखतो तेवढ्याच वेळाचे. ग्रीनवॉल्ट यांच्या फ्लॅशचा तो वेळ होता सेकंदाचा सुमारे तीस हजारावा भाग. तेवढ्यात पंखाच्या एका फेरीचा सहाशेवा हिस्साच पुरा होतो. पंख गोठतो.

असा फ्लॅश तेव्हा दुकानात मिळत नव्हता. त्याची विद्या एमआयटीतल्याच हॅरॉल्ड एजर्टन यांनी तीसच्या दशकात विकसित केली होती. त्यांनी हमिंगबर्डचे फोटोही काढले होते. या फ्लॅशची कल्पना आवर्ती ठेवीसारखी आहे. कपॅसिटर नावाच्या डब्यात विजेचा भार थोडाथोडा साठवत जायचा आणि सारी शिल्लक एका झटक्यात वायूने भरलेल्या काचनळीतून काढायची. झटका जितका लहान हवा, तितका साठा कमी आणि दाब जास्त. म्हणजे हजारो व्होल्टचा मामला. साठा कमी म्हणून उजेडही बेताचा, म्हणून एका दिव्याने भागत नाही. दोन-तीन दिवे पक्ष्याच्या अगदी जवळ आणावे लागतात.

आणि हे दिवे कॅमेऱ्याला चिकटवून चालत नाहीत. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने चेहरा सपाट होतो, हे लग्नाचे जुने अल्बम पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. पक्ष्याचे गोलाईदार अंग, पिसांचे थर, पारदर्शक पंखाच्या काड्या दिसायच्या तर एक दिवा डावीकडून थोडा वर, दुसरा उजवीकडून थोडा लांब, जमल्यास तिसरा मागून, आणि पाठीमागची पार्श्वभूमी काळीठिक्कर पडू नये म्हणून तिच्यावर आणखी एक, अशी मांडणी लागते. नाटकाच्या प्रकाशयोजनाकाराला हे सांगायला नको. मेरीबाईंच्या मुलालाही नको होते.

राहिला प्रश्न बटण कोणी दाबायचे याचा. माणूस जवळ उभा राहिला तर पक्षी येत नाही आणि लांब बसून तारेच्या टोकाशी बटण दाबले तर माणसाचा हात उशिरा पोचतो. पक्षी आला हे डोळ्याने मेंदूला आणि मेंदूने बोटाला कळवेपर्यंत हा पाहुणा दहा पंखझडपा मारून झालेला असतो. तेव्हा बटण पक्ष्यालाच दाबायला लावायचे. साखरपाण्याच्या नळीसमोर प्रकाशाची एक बारीक शलाका सोडायची आणि ती पलीकडच्या प्रकाशविद्युत घटावर पडू द्यायची. पक्षी मधे आला, शलाका तुटली, की वीज तारेतून धावते, कॅमेऱ्याचा पडदा उघडतो आणि दिवे लखलखतात. यातही मेख आहे. पडदा उघडायला सेकंदाचे काही शतांश भाग लागतातच. तेवढ्यात पक्षी पुढे सरकणार, म्हणून शलाका नेमकी कुठे लावायची याचा अंदाज चुकतमाकत बसवावा लागतो. हे सारे जमवून, स्वतः दूर बसून, वाट बघणे हा या छंदाचा मोठा भाग. सेकंदाच्या तीस हजाराव्या भागासाठी अख्खी सकाळ द्यावी लागते.

सुंदर फोटो आले, कौतुक झाले, एवढ्यावर ग्रीनवॉल्ट थांबले नाहीत. पंख गोठला, आता तो कसा चालतो ते समजले पाहिजे. त्यांनी वाऱ्याचा बोगदा वापरून, समोरून वाहत्या हवेत हमिंगबर्डला उडवून, त्याची गती मोजली. माणिककंठीचा वेग भरला ताशी सुमारे २७ मैल, म्हणजे ४३ किलोमीटर. लोकांमध्ये त्याच्या वेगाच्या याहून कितीतरी मोठ्या दंतकथा होत्या. त्यांना आणखी एक मार्मिक गोष्ट दिसली. वेग कमी असो की जास्त, पंखांच्या झडपा सेकंदाला जवळजवळ तेवढ्याच राहतात. घड्याळाच्या लंबकासारखी पंखाचीही स्वतःची एक लय असते. वेग बदलतो तो पंखाचा कोन आणि अंगाचा कल बदलून.

मग रंगाचे कोडे. हमिंगबर्डचा गळा एका क्षणी माणकासारखा पेटतो आणि मान जराशी वळली की काळा पडतो. फोटो काढणाऱ्याला हा रंग भारी छळतो. दिवा आणि कॅमेरा यांचा कोन जुळला नाही, तर माणिककंठीच्या गळ्यात माणिक नाहीच! ग्रीनवॉल्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर ती पिसे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि १९६० साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या पिसांत रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म, चपट्या, हवेचे बुडबुडे भरलेल्या चकत्यांचे थर असतात. त्यांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून विशिष्ट रंग उजळतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, त्याच जातीची ही किमया. आपला मोर आणि आपला शिंजीर यांची झळाळीही अशाच सूक्ष्म रचनेतून येते, फक्त रचनेचा तपशील वेगळा.

या पक्ष्यांसाठी ते दक्षिण अमेरिकेत दूरदूर फिरले. दिवे, कपॅसिटर, तारा यांची जड खोकी घेऊन अँडीजच्या डोंगरांत आणि ब्राझीलच्या रानांत गेले. १९६० साली ‘हमिंगबर्ड्‌स’ हे त्यांचे मोठे, देखणे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी नॅशनल जिऑग्राफिक मासिकातून ही चित्रे लाखो घरांत पोचली. पुढे त्यांनी पाखरांच्या गाण्याकडे मोर्चा वळवला. १९६८ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी दाखवले की पक्ष्याच्या स्वरयंत्राच्या दोन बाजू स्वतंत्रपणे चालू शकतात. म्हणजे एकच पाखरू एकाच वेळी दोन वेगळे सूर लावू शकते. पियानोवादक आईच्या मुलाने हे शोधावे, ही मला मोठी लोभस गोष्ट वाटते.

आता दुसरी बाजू. बागेत हे चालले असताना कंपनीत काय चालले होते? १९५० साली सरकारच्या विनंतीवरून ड्युपाँटने पुन्हा एकदा अणुकारखाना हाती घेतला. दक्षिण कॅरोलायनात सव्हाना नदीकाठी, हायड्रोजन बॉम्बला लागणारा माल करण्यासाठी. नफा पुन्हा एक डॉलर, अध्यक्ष ग्रीनवॉल्ट. कंपनी डीडीटीच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक होती. १९६२ साली, ज्या वर्षी ग्रीनवॉल्ट अध्यक्षपदावरून चेअरमनपदी गेले त्याच वर्षी, रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. कीटकनाशकांनी पाखरे मरत आहेत, उद्या वसंत ऋतू येईल पण गाणारे कुणी नसेल, हे त्या पुस्तकाचे सूत्र. पक्ष्यांवर एवढा जीव असलेला माणूस ज्या उद्योगाच्या शिखरावर होता, त्याच उद्योगाविरुद्ध हे आरोपपत्र होते.

आमच्या व्यवसायात जमा आणि नावे यांची बेरीज-वजाबाकी करून शेवटी एक आकडा काढतात. माणसाच्या बाबतीत तसा आकडा काढायचा मोह होतो. एका रकान्यात नागासाकी, डीडीटी, सव्हाना, दुसऱ्या रकान्यात पंखांचे चित्र, रंगाचा उलगडा, दोन सुरांचे पाखरू. पण मला वाटते, इथे खाती एकमेकांत वळती करता येत नाहीत. हमिंगबर्डची हजार चित्रे काढली म्हणून नागासाकीचे एकही मूल परत येत नाही. आणि नागासाकी घडले म्हणून त्या चित्रातले सत्य खोटे ठरत नाही. दोन्ही खाती एकाच माणसाच्या नावावर आहेत, एवढे निमूटपणे वाचायचे.

खरे तर दोन्हीकडे कामाला आला तो एकच गुण. अवघड गोष्ट तुकड्यातुकड्यांत मोजायची आणि मग ती हुकमी घडवून आणायची. योगायोग पाहा, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशच्या नळीत सामान्यतः जो वायू भरतात, तो झेनॉनच! हॅनफर्डच्या भट्टीत त्याच मूलद्रव्याच्या किरणोत्सारी भावंडाने साखळी विझवली होती, इकडे बागेत तेच उजेड देते. गुण असो की वायू, तो कुठल्या कामी लावला यावर सारे ठरते. ही गोष्ट मोठमोठ्या कंपन्यांतच नव्हे, आपल्या साध्या नोकऱ्यांतही लागू आहे. माझ्या पिढीतले कितीतरी सहकारी दिवसभर काटेकोरपणे व्हाउचर तपासत आणि संध्याकाळी त्याच काटेकोरपणे तबल्याचे बोल घोटत किंवा गुलाबाची कलमे बांधत. नोकरीतल्या कामाची दिशा वरून ठरायची. छंदाची मात्र ज्याची त्याची. माणूस स्वतः काय निवडतो, हे कळायची ती एक जागा.

ग्रीनवॉल्ट दीर्घायुषी ठरले. ९१ वर्षे जगून सप्टेंबर १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. हॅनफर्डच्या जमिनीतला किरणोत्सारी कचरा साफ करण्याचे काम आजही संपलेले नाही. त्यांची हमिंगबर्डची चित्रेही जपून ठेवलेली आहेत.

ज्यासाठी त्यांना खोकीभर सामान लागे, ते आज मुठीत मावते. बिनतारी ट्रिगर, कॅमेऱ्यापासून दूर ठेवायचे छोटे फ्लॅश, घरातल्या खुर्चीवरून मोबाइलवर दिसणारी चौकट, सगळे शहरातल्या दुकानात मिळते. कुणा नातवाने असे सामान आणून गॅलरीतल्या जास्वंदीसमोर मांडले, तर आजीआजोबांनी त्याला तीन गोष्टी जरूर सांगाव्यात. फ्लॅशची शक्ती जितकी कमी ठेवशील तितका लखलखाट आखूड आणि पंख स्वच्छ, म्हणून दिवे जवळ आण आणि शक्ती घटव. दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर नको, बाजूला ठेव. शिंजिराची झळाळी हवी असेल तर तो कोन सरकवत सरकवत शोध. आणि तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. हे सारे फुलापाशी किंवा पाण्याच्या वाडग्यापाशी, घरट्यापाशी कधीही नाही. शिंजिराचे कोळ्याच्या जाळ्यांनी आणि काडीकचऱ्याने विणलेले लोंबते घरटे दिसले, तर सामान उचलून मुकाट्याने मागे फिरायचे. फुलावर आलेला पक्षी दचकला तर दुसऱ्या फुलावर जातो. घरट्यावरचा दचकला तर पिले उपाशी राहतात.

एवढे पाळून तो नातू सकाळभर वाट बघत बसला आणि एकही चित्र मनासारखे आले नाही, तरी त्या दिवशी तो आपल्या जास्वंदीवर कोण कधी येते, हे शिकलेला असेल.